खारफुटी लावायला निघालात? आधी रस्त्याखालची मोरी बघा

नमस्कार मंडळी! जून आला की एकच मेसेज: "ताई, तिवराची रोपं कुठे मिळतील? सोसायटीतर्फे लावायची आहेत." तिवर म्हणजे खारफुटीचंच एक झाड. त्यासाठीच हा व्हिडिओ.

खारफुटीने धूप थांबते, लाटांचा जोर मोडतो, चिंबोऱ्या-कोळंबीची पिल्लं मुळांच्या आडोशाने वाढतात, चिखलात कार्बन साठून राहतो. हे तुम्हाला पाठ आहे. पुढे चला.

मुद्दा पाण्याचा आहे. तिवराला भरती लागते, तशीच ओहोटीही लागते. त्या चिखलात हवा नसतेच म्हटलं तरी चालेल, म्हणून ते बोटभर मुळं वर काढतं आणि पाणी उतरलं की त्यांतून श्वास घेतं. पाणी कायमचं तुंबलं, तर झाड गुदमरतं. येणंच बंद झालं, तर जमीन सुकते आणि मीठ वाढत जातं. दोन्हीकडून मरणच!

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीला चाप लावला. मग आता कुऱ्हाड कोण उचलतंय? डेब्रिजचे चार डंपर ओता, रस्त्याखालून भरतीचं पाणी आत-बाहेर नेणारी मोरी बुजवा, झालं! एक फांदी न तोडता जंगल वाळतं. उरणकडे मी पाहिलंय: रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला हिरवंगार, पलीकडे नुसती राखाडी खोडं. मधली मोरी गाळाने गच्च. तिथले एक कोळी काका म्हणाले, "पानी सोडा, झाडं आपली आपन येतील." खरंय, बिया भरतीबरोबरच वाहत येतात.

आता ती नेहमीची कमेंट: "डास होतात, तोडून टाका." अहो, डास साचलेल्या पाण्यात होतात! पाणी खेळतं असलं की अळ्या खायला मासे आत येतात. म्हणजे पुन्हा मोरीच.

एकाने लिहिलंय, "ताई, पान चाटलं, खारट लागलं." शाब्बास! तिवर जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. पण शहराजवळच्या खाडीतलं काही चाटत जाऊ नका, बाबांनो.

आणि कृपा करून मोकळ्या चिखलावर रोपं खोचू नका. ती जागा ओसाड नाही, फ्लेमिंगो तिथेच चरतात. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला, तो अशा चिखलासकट.

तर सोसायटीवाल्यांनो, फावडं राहू द्या, मोबाइल घ्या. मोरीचे दोन फोटो काढा, एक पूर्ण भरतीला, एक ओहोटीला, आणि वन विभागाच्या कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्षाला पाठवा. एकच पाठवलात तर पाणी अडलंय की नुसतं उतरलंय, ते समजणार कसं?