नाव कुणाच्या नावावर?

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘संस्थेची वेबसाइट : डोमेन आणि होस्टिंग’. होस्टिंगकडे, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायला भाड्यानं घेतलेल्या जागेकडे, मी येणार आहेच, पण आधी डोमेनबद्दल, म्हणजे साइटच्या पत्त्यातल्या नावाबद्दल बोलू द्या, कारण गेली कित्येक वर्षं ते माझ्या मनात खदखदतंय. किती संस्थांची वेबसाइट आहे? हात वर करा. छान. आता डोमेनच्या खात्याचा पासवर्ड संस्थेच्या कपाटात आहे, अशांनीच हात वर ठेवा. बघा, पुढच्या रांगेतल्या दोन ताई तेवढ्या उरल्या. त्यांच्यासाठी टाळ्या होऊन जाऊ द्या!

आमच्या वाचनालयाची शताब्दी होती. त्याच्या काही वर्षं आधी ओळखीतल्या एका कॉलेजच्या मुलानं आम्हाला वेबसाइट करून दिली होती, एक पैसा न घेता. जुने फोटो रात्र रात्र बसून स्कॅन केले पोरानं. डॉट ऑर्गमधलं नाव घेताना फॉर्मही त्यानंच भरला, मी शेजारी बसलो होतो. नाव त्याचं, ईमेल त्याच्या कॉलेजचा. पुढे तो शिकायला बाहेर गेला आणि कॉलेजनं तो ईमेल बंद केला.

आता नियम काय आहे पाहा. मुदत संपण्याआधी साधारण महिनाभर एक आणि आठवडाभर दुसरी, अशा दोन सूचना रजिस्ट्रारनं, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीनं, धाडायच्या असतात. संपल्यावर पाच दिवसांत तिसरी. तिन्ही निघाल्या असतील, पण गेल्या त्या बंद पेटीत. मार्चमध्ये मुदत संपली. बहुतेक रजिस्ट्रार त्यानंतरही काही आठवडे नेहमीच्या दरानं नाव परत देतात. मग ३० दिवस जबर दंड भरून ते सोडवता येतं. शेवटचे ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते नाव सगळ्या जगाला मोकळं. आम्हाला यातलं काहीही कळलं नाही.

जुलैत स्मरणिका छापून आली, हजार प्रती, मलपृष्ठावर वेबसाइटचा पत्ता. ऑगस्टमध्ये एका जुन्या सभासदांचा फोन आला, “अहो, तुमच्या पत्त्यावर रमीचा जुगार दिसतोय!”

चार संध्याकाळी आम्ही पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून त्या पत्त्यावर चिकटवल्या. डिंक ओला असताना प्रती एकमेकींना चिकटायच्या, म्हणून आमचे शिपाईमामा प्रत्येक दोन प्रतींमध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घालत होते. वाचनालयाच्या लांब टेबलावर शंभर वर्षांचा इतिहास वाळत पडलेला मी पाहिलाय. त्या मुलाला फोन केला तेव्हा तो रडला. त्याचा काय दोष? विचारायला हवं होतं ते आम्ही.

लोक म्हणतात डोमेन म्हणजे सातबारा. मला ही उपमा घातक वाटते. सातबाऱ्यावर नाव लागलं की माणूस निर्धास्त होतो. डोमेन हा भाडेपट्टा आहे, एका वेळी फार तर १० वर्षांचा. वर्गणी थांबली की पट्टा संपला. आणि पट्टा ज्याच्या नावावर, रजिस्ट्रार त्यालाच ओळखतो. म्हणून खातं संस्थेच्या नावानं हवं, ईमेल पदाचा हवा, माणसाचा नको. कार्यवाह बदलले की कपाटाच्या किल्ल्यांबरोबर पासवर्डही सोपवायचा आणि तशी इतिवृत्तात नोंद करायची.

नावाचं स्पेलिंग हा आणखी एक ताप. फोनवर ‘वाचनालय’ सांगून पाहा. व्ही की डब्ल्यू? शेवटी ए आहे का? म्हणून मला डॉट भारतचं अप्रूप आहे. २०१४पासून देवनागरीत नाव घेता येतं. त्याचा कारभार डॉट इनप्रमाणेच निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे. मात्र देवनागरी ईमेल पत्ता अजून अनेक फॉर्म नाकारतात, तेव्हा जोडीला रोमन नावही घ्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, होस्टिंग.

वाचनालयाच्या वेबसाइटला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक साइटींच्या सोबतीनं जागा, पुरतं. वेगळा सर्व्हर घ्या म्हणून कुणी गळ घातली तर रोज किती माणसं येतात ते आधी मोजा. पहिल्या वर्षाचा दर पाहू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा, तो कितीतरी पट असू शकतो. ‘अमर्याद’ लिहिलेलं असलं तरी फाइलींच्या संख्येवर मर्यादा असते, अटींत शोधा. कुलपाच्या खुणेसाठी, म्हणजे साइटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएलसाठी, वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५पासून ते फुकट देतं.

बॅकअप स्वतःकडे ठेवा. आमचं होस्टिंगही त्या मुलाच्याच खात्यात होतं, तेही गेलं. स्कॅन केलेले निम्मे फोटो एका पेनड्राइव्हवर मिळाले, निम्मे अजून नाहीत. म्हणूनच शक्यतो डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे घ्या. होस्टिंगवाला बंद पडला तरी डोमेनच्या खात्यात नेमसर्व्हर, म्हणजे पत्ता कुठल्या होस्टिंगकडे न्यायचा ते सांगणारी नोंद, बदलायचे, बॅकअप नव्या जागी चढवायचा, की एकदोन दिवसांत साइट उभी राहते.

चहा तयार आहे असं दिसतंय. चहा घेता घेता आपल्या संस्थेचं डोमेन मोबाइलवर आयकॅनच्या, म्हणजे जगभरातल्या डोमेनचा समन्वय करणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर टाकून बघा. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल, पण रजिस्ट्रार आणि मुदतीची तारीख दिसेल. तारीख जवळची निघाली तर मी इथेच आहे, लगेच या.