ओस पडलेल्या आगराकडे परतताना

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावातून दिवेलागणीला चालत गेलात, तर उजेड असलेल्या दोन घरांच्या मध्ये एखादे कुलूपबंद घर हमखास दिसते. त्याच्या मागे आगर असते, म्हणजे नारळ-पोफळीची बाग. घरातली माणसे मुंबई-पुण्याला गेली आणि शिंपणे थांबले, की दोन-तीन पावसाळ्यांत त्या आगराचे रान होते. अशा एका आगराविषयी आज मी बोलणार आहे. ते आमचेच आहे. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, जेमतेम २० गुंठ्यांचे. आजोबा गेले, पाठोपाठ आजी मुंबईला आली, आणि ११ वर्षे तिथे कोणीही राहिले नाही. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी परत गेले, तेव्हा मागचे दार उघडून चार पावलेसुद्धा पुढे टाकता येत नव्हती.

त्या पहिल्या वर्षी मी जे केले, ते इतर कोणी करू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून तेच आधी सांगते. मला घाई झाली होती. चार गडी लावून आठ दिवसांत मी आगर साफ करून घेतले. रान गेले, वेल गेले, उगाच वाढलेली वाटणारी झाडे गेली, आणि जमीन अंगणासारखी स्वच्छ दिसू लागली. मला त्या स्वच्छतेचा अभिमान वाटला. विहिरीच्या कडेला जायफळाची तीन झाडे होती. त्यांतल्या दोन झाडांवर फळे होती आणि तिसऱ्यावर एकही नव्हते, म्हणून ते तिसरे मी तोडायला सांगितले. तोडलेल्या फांद्या गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, पडल्या होत्या. त्यांच्यावर फिकट पिवळी, मेणासारखी, इवल्या घागरीच्या आकाराची फुले घोसांनी लगडलेली होती आणि त्यांना मंद सुवास येत होता. शेजारच्या काकू गडग्यापलीकडून ते पाहत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, तो नर होता. तुझ्या आजोबांनी मुद्दाम राखलेला."

जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, हे मला त्या दिवशी कळले. बी रुजवून लावलेले झाड नर आहे की मादी, हे ते फुलावर येईपर्यंत समजत नाही, आणि त्याला सहा-सात वर्षे तरी लागतात. मादीची फुले बहुधा एकेकटी येतात आणि बुडाशी थोडी फुगीर असतात. नराची फुले सडपातळ असतात आणि घोसाने येतात. सुमारे दहा मादी झाडांमागे एक नर राखायचा, असा बागायतदारांचा हिशेब असतो. आसपास दुसरा नर नसल्यामुळे पुढच्या वर्षी आमच्या दोन्ही झाडांवर जवळपास काहीच धरले नाही. आपल्या कोकमाचेही असेच आहे. रातांब्याचा नर कधी फळत नाही, म्हणून त्यालाही पुष्कळदा सरपणात काढतात.

दुसरी हानी पोफळींची झाली. पोफळ हे सावलीत वाढणारे झाड आहे. नैऋत्येकडून येणारे दुपारनंतरचे ऊन तिच्या खोडावर थेट पडले की साल भाजते, पुढे ती तडकते आणि खोड त्या जागी कमकुवत होते. जे रान मी शत्रू समजून उपटले, त्याने पाण्याविना तगलेल्या पोफळींना सावली धरली होती. एका उन्हाळ्यात सात पोफळी त्या बाजूने तांबूस झाल्या. मग गळून पडलेल्या विऱ्या, म्हणजे पोफळीच्या झावळ्यांचे रुंद देठ, गोळा करून त्या खोडांभोवती बांधल्या आणि त्या कडेला घाईघाईने केळी लावल्या. तीन पोफळी तरीही वाऱ्यात मोडल्या.

म्हणून ज्यांना जुनी बाग पुन्हा उभी करायची आहे, त्यांना माझे सांगणे एवढेच आहे, की निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती बाग नुसती पाहावी. पायवाटेपुरते आणि विहिरीपर्यंतचे रान काढावे, बाकीच्याला हात लावू नये. बागेत ज्याने आयुष्य घातले, त्या माणसाचा हिशेब जमिनीत राहिलेला असतो आणि तो ऋतूंप्रमाणे वर येतो. आमच्याकडे जूनच्या पहिल्या सरींनंतर पडवीच्या मागे आंबेहळदीचे कोंब एका सरळ ओळीत आले. कोपऱ्यात सुरणाचा दांडा उभा राहिला. आजीचे वाफे कुठे होते, ते असे कळले. फेब्रुवारीत एका काळवंडलेल्या झाडाच्या जुन्या फांद्यांवर फुलांचे झुबके आले, तेव्हा ती सुरंगी असल्याचे समजले; तिला मी जंगली झाड समजून बसले होते.

दुसरी गोष्ट पाण्याची. आगर म्हणजे आधी पाण्याची व्यवस्था आणि मग झाडे, असे म्हटले तरी चालेल. आमच्या विहिरीवर पूर्वी रहाट होता. रहाटाचे पाणी दोणीत पडायचे आणि दोणीतून चिऱ्याच्या पाटाने प्रत्येक आळ्यापर्यंत जायचे. मी गेले तेव्हा पाट दिसतच नव्हता. वीतभर पातेरा, म्हणजे पालापाचोळा, आणि त्याखाली काळी माती होती. एका दुपारी खुरप्याने माती ओढताना पाते खणकन चिऱ्यावर आपटले आणि हाताने उकरत गेल्यावर पाटाची कड सापडली. तो मोकळा करायला आम्हाला १२ दिवस लागले. पाणी सोडल्यावर ते कुठे न अडता शेवटच्या माडापर्यंत पोहोचले, कारण उतार धरून तो बांधणाऱ्याचा हात पक्का होता. आज मी पंप वापरते आणि ठिबकही घातले आहे, परंतु नळ्या कुठून न्यायच्या हे मी त्या पाटावरूनच ठरवले. विहिरीचा गाळ मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी तळाला असताना, माहितगार माणसांकडूनच काढून घ्यावा. वर्षानुवर्षे बंद असलेल्या विहिरीत कोणालाही एकट्याने उतरवू नये, कारण तळाशी साचलेल्या दूषित हवेने माणूस गुदमरतो.

आता तणांविषयी. आमच्याकडे सर्वांत जास्त माजतात त्या घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. रानमोडीचे बी केसाळ आणि हलके असते, ते वाऱ्याबरोबर उडते, म्हणून हिवाळ्यात तिला फुले येण्यापूर्वीच ती काढावी लागते. श्रावण-भाद्रपदात जमीन मऊ असते, तेव्हा ती मुळासकट सहज येते. घाणेरी वरून कापून काहीच उपयोग होत नाही. बुडख्यातून ती दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी पद्धत रूढ केली. घाणेरीचे मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचे आणि उपटलेले झुडूप मुळे वर करून वाळत टाकायचे. मी तेच केले आणि फूट फारच थोडी आली. बुलबुल मात्र तिची फळे खाऊन बिया पुन्हा आणतात, त्यामुळे त्यांच्या बसण्याच्या झाडांखाली अजूनही लक्ष ठेवावे लागते. आणि एक विनंती आहे: काढलेले रान बागेत पेटवू नका. तो पातेरा म्हणजे ११ वर्षांचे साचलेले खत असते.

रानात हात घालताना गमबूट हवेत, हातात काठी हवी, आणि पातेऱ्यात काठी आपटल्याशिवाय हात घालू नये. फुरसे आकाराने लहान असते, मातीच्या रंगात मिसळून जाते, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ते पुष्कळ आहे. दंश झालाच, तर वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठावे. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते.

माडांकडे मी तिसऱ्या वर्षी वळले, ते खरे तर आधीच वळायला हवे होते. ओस आगरात मेलेले माड उभेच कुजतात आणि त्या कुजक्या खोडांत गेंड्या भुंगा वाढतो. तो जिवंत माडाचा कोवळा सुईसारखा कोंब पोखरतो. पुढे ती झावळी उलगडते, तेव्हा कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी कातरलेली दिसते. असे एक जरी पान दिसले, तरी आधी कुजकी खोडे बागेबाहेर काढावीत आणि शेणखताचा खड्डा उपसून त्यातल्या पांढऱ्या, जाडजूड अळ्या वेचाव्यात. त्यानंतर खताची आणि पाण्याची पाळी. इथे धीर लागतो. माडाची पोय, म्हणजे फुलांचा तुरा, बाहेर दिसण्याच्या अडीच वर्षांहूनही आधी तिचा अंकुर शेंड्याच्या पोटात धरलेला असतो, आणि पोय उमलल्यावर नारळ पक्व व्हायला आणखी जवळपास वर्ष लागते. आज घातलेल्या शेणखताचे पुरते उत्तर माड साडेतीन वर्षांनी देतो. नारळ उतरवणाऱ्या आमच्या पाडेल्याने दुसऱ्या वर्षी माडावरून उतरल्यावर सांगितले होते, "ताई, अजून दोन वर्षं माझ्याकडे बघू नका, माडाकडे बघा." पाचव्या वर्षी त्याने एकाच पाडणीत आधीच्या दुप्पट नारळ उतरवले.

आंब्याचे थोडक्यात सांगते. बांडगूळ ओरबाडून निघत नाही. ते जिथे चिकटले असेल त्याच्या वीतभर खालून फांदी कापावी आणि कापाला बोर्डो मलम लावावे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी, हे त्याचे प्रमाण. जुन्या कलमांच्या छाटणीविषयी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आहेत. हे विद्यापीठ १९७२ पासून आपल्या दाराशी आहे. तिथे जाऊन विचारावे, ऐकीव माहितीवर करवत चालवू नये.

गेल्या जून महिन्यात मी विहिरीच्या कडेला, त्या तोडलेल्या झाडाच्या जागी, जायफळाच्या नराचे कलम लावले. कलमाच्या बाबतीत नर-मादी आधीच ठाऊक असते आणि ते रोपापेक्षा लवकर फुलावर येते. सध्या ते कमरेइतके झाले आहे. दुपारच्या उन्हाच्या बाजूला दोन केळी लावल्या आहेत आणि बुंध्याशी सोडणे, म्हणजे नारळाच्या साली, उपडी घातली आहेत. चिऱ्याचा पाट मी अजून मोडलेला नाही; आठवड्यातून एकदा त्यातून पाणी सोडते, आणि सोडलेले पाणी सर्वांत आधी त्या कलमाच्या आळ्यात उतरते, कारण विहिरीला सगळ्यांत जवळचे आळे तेच आहे.

नमस्कार.