तीन गेजांचं मिरज जंक्शन

मंडळी, मिरज स्टेशनबद्दल बोलायचं म्हटलं की बहुतेकांना आधी आठवते २०१६ ची, दुष्काळात लातूरला पाणी नेणारी गाडी. तिच्याकडे मी येणारच आहे, पण ती गाडी मिरजेहूनच का निघू शकली हे समजायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

सदर्न मराठा रेल्वे नावाची कंपनी होती, १८८२ साली निघालेली. तिने पुण्याहून सातारा रोड, कराड, मिरज, बेळगाव करत लोंढ्यापर्यंत मीटरगेज लाइन टाकली, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर, आणि १८९० च्या सुमारास ती सलग चालू झाली. तेव्हा कोल्हापूर मेन लाइनवर नव्हतं, आजही नाही. मग कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरजेपर्यंत फाटा काढला, १८८८ मध्ये पायाभरणी झाली ती शाहू महाराजांच्या हस्ते, तेव्हा ते अजून शिकत होते, गादीचे अधिकार मिळायला सहा वर्षं बाकी होती, आणि १८९१ मध्ये गाडी धावली. मिरज जंक्शन झालं ते इथे. पुढे याच फाट्यावर महाराजांनी वडिलांच्या नावाने जयसिंगपूरची पेठ वसवली, रुळ कशासाठी असतात हे त्यांना नेमकं कळलं होतं असं मला तरी वाटतं.

आता तिसरी बाजू, आणि माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची. बार्शी लाइट रेल्वे. कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर, त्याचं म्हणणं असं की छोट्या गेजवर, हलक्या रुळांवर सुद्धा चांगला माल वाहता येतो, फक्त एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या एका दांड्यावर, पाच टनापेक्षा जास्त वजन टाकायचं नाही, आणि सगळ्या चाकांवर ते सारखं वाटायचं. १८९७ ला त्याने कुर्डुवाडी ते बार्शी गाडी चालवून दाखवली, ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज. मग ती पंढरपूरला गेली, १९११ ला लातूरला पोचली, आणि १९२७ ला पंढरपूरहून मिरजेत आली. पंढरपूरला गाडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, आषाढी-कार्तिकीला डब्यात जागा नाही म्हणून टपावर बसलेले वारकरी इथल्या जुन्या माणसांनी बघितलेत.

म्हणजे मिरजेत दोन गेज झाली. १९७१ ला पुणे-कोल्हापूर ब्रॉडगेज, म्हणजे सगळ्यात रुंद मापाची लाइन झाली, तोवर मुंबईला जायचं तर पुण्यात गाडी बदलायला लागायची, आता कोल्हापूर-मुंबई महालक्ष्मी एक्स्प्रेस सरळ धावायला लागली. पण बेळगावकडे मीटरगेज तशीच राहिली, पंढरपूरकडे नॅरोगेज तशीच. तेव्हापासून नव्वदच्या दशकापर्यंत मिरजेच्या यार्डात तिन्ही मापांचे रुळ होते, एका गेजचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नाही, म्हणून माल एका वॅगनमधून उतरवून दुसरीत भरायचा, पोतं न् पोतं हमालाच्या पाठीवरून. गूळ, हळद, कापूस, खत, सिमेंट सगळं. रेल्वेच्या हिशेबात ही सरळ अडचण, वेळ जातो, माल सांडतो, पैसा जातो. पण मिरजेतल्या कितीतरी घरांची चूल त्या अडचणीवर पेटली, हमाल, गाडीवाले, चहावाले, खाणावळी, आणि ही माणसं स्टेशनच्या इतिहासात कुठे लिहिलेली सापडत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडी बदलायला लोक थांबायचे त्याचे इतर परिणाम पण बघा. डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं, आणि कर्नाटकापासून मराठवाड्यापर्यंतचा पेशंट मिरजेला येऊ लागला, कारण तिन्ही बाजूंनी गाडी होती. डॉक्टरांचं कर्तृत्व मोठंच, पण खाटेवरून रात्रभर बैलगाडीने आणलेला पेशंट आणि रेल्वेने आणलेला पेशंट यात फरक पडतोच ना. गाण्याचं पण तसंच. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी ही सगळी एकाच लाइनवरची गावं आणि किराणा घराण्याचं गाणं याच पट्ट्यात रुजलं, याला गाडी एकटी कारण नाही, पण गाडीशिवाय गवयांचं असं येणं-जाणं झालं नसतं. खाँसाहेब गेले ते सुद्धा प्रवासातच, १९३७ मध्ये, मद्रासकडच्या सिंगपेरुमाळकोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर.

नव्वदच्या दशकात लोंढ्याची बाजू ब्रॉडगेज झाली आणि २०१० च्या आसपास पंढरपूरची. छोटी गाडी बंद झाली तेव्हा हळहळलेली माणसं मी बघितली आहेत, पण मी तरी त्या बदलाच्या बाजूनेच उभा आहे, आणि त्याचं कारण ती पाण्याची गाडी.

एप्रिल २०१६, लातूर शहराचे नळ कोरडे. राजस्थानात कोटा इथे टँकर वॅगन आतून वाफेने धुऊन काढल्या आणि मिरजेला आणल्या. कृष्णेचं पाणी, त्याच्या व्यवस्थेत आपली जुनी हैदरखान विहीर सुद्धा कामाला आली, आणि पहिल्या फेरीला दहा वॅगन भरल्या, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद करत सुमारे ३४० किलोमीटर जाऊन ती लातूरला पोचली. नंतर पन्नास वॅगनच्या गाड्या गेल्या, ऑगस्टपर्यंत फेऱ्या चालू होत्या. आता हिशेब करा, एका वॅगनमध्ये नुसतं पाणीच पन्नास टन, चार ॲक्सल धरले तरी एकावर साडेबारा टन, वॅगनचं वजन वेगळंच. कॅलथ्रॉपचा रुळ पाच टनाचा. रस्ता बहुतेक तोच, पण तो छोटा रुळ राहिला असता तर कोट्याहून आलेली वॅगन मिरज यार्डातच अडकली असती.

सोयींचं थोडक्यात बोलतो. पुण्याकडे दुसरा रुळ आणि वरून वीज, ही कामं मोठी आणि हवीच होती. पण जंक्शनवरचा प्रवासी हा बदलणारा प्रवासी असतो, त्याला प्लॅटफॉर्म चकचकीत असण्यापेक्षा दुसरी गाडी वेळेत मिळायला हवी. रात्री दोनला उतरलेल्या बाईला उजेडाची, सुरक्षित वेटिंग रूम पाहिजे, म्हाताऱ्या माणसाला बॅग घेऊन जिना चढायला लागू नये म्हणून लिफ्ट नाहीतर रॅम्प पाहिजे, आणि घोषणा मराठीसोबत कन्नडमध्ये पण स्वच्छ ऐकू आली पाहिजे कारण इथे उतरणारी निम्मी माणसं त्या बाजूची असतात. कुर्डुवाडीकडून येणारी पॅसेंजर आणि बेळगावकडे जाणारी गाडी यांचं टाइमटेबल एकमेकांना जुळवून करा, ही मागणी आपण प्रवासी संघटनांच्या पत्रात सगळ्यात वर लिहायला हवी, लिफ्टच्या पण वर, कारण त्याला बांधकाम लागत नाही, टेंडर लागत नाही, दोन विभागांनी एकत्र बसून कागदावर वेळा जुळवल्या की झालं.