तिरडीला लागलेला हात

[केडगाव स्टेशन. सकाळची गाडी निघून जाते. फलाट रिकामा.]

पुण्याहून दौंडकडे निघालेल्या गाडीनं उरुळी, यवत मागे टाकलं की केडगाव येतं. इथंच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. शाळेच्या पुस्तकात त्या आपल्याला विदुषी म्हणून भेटतात, समाजसुधारक म्हणून भेटतात. आम्ही मात्र त्यांच्या घरातली मरणं मोजत इथवर आलो आहोत. ऐकायला विचित्र वाटेल. पण या बाईंची श्रद्धा समजून घ्यायची, तर आधी तिरडीपासूनच सुरुवात करावी लागते.

[तापलेलं रान. वाळलेला पाला.]

1874 साल. मद्रास इलाख्यात दुष्काळ. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत, बायकामुलांसह तीर्थं हिंडत आले होते. पैसा संपला, भांडी गेली, धान्य संपलं. अकरा दिवस या कुटुंबानं रानात पाल्यावर आणि पाण्यावर काढले. शास्त्रीबुवा म्हातारे, डोळ्यांनी अधू. शेवटी त्यांनी धाकट्या लेकीला, रमाला कवटाळलं आणि बजावलं, मी तुला देवाच्या हाती सोपवलंय, जन्मभर त्याचीच सेवा कर.

संन्याशासारखं दफन करायचं ठरलं. पण खांदा द्यायला कोण येणार? थोरला मुलगा श्रीनिवास. त्यानं वडिलांचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधला आणि दोन मैल एकट्यानं वाहून नेला.

मग आई. तिला दोन घास मिळावेत म्हणून रमा एका ब्राह्मण घरी गेली. सोळा वर्षांची पोर. त्या बाईनं प्रेमानं विचारपूस केली, पण हिला मागायला तोंडच उघडेना. डोळ्यांतून धार लागली. कसाबसा बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला, घेऊन आली. आईच्यानं तो खाववला नाही.

आईच्या तिरडीला चार माणसं हवी होती. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ. चौथी रमा. उंचीनं ती लहानखुरी, खांदा काही पुरेना. तिनं आपली बाजू डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होतं.

[थोडा वेळ काहीच नाही. फक्त चालण्याचा आवाज.]

पुढं बहीणही गेली. 1880 मध्ये बंगालात श्रीनिवासही वारला. अंथरुणावर त्याला एकच घोर, माझ्यामागं हिचं कसं होणार. रमाबाई म्हणाल्या, तुला-मला देवावाचून आहे कोण? तो म्हणाला, देव काळजी घेणार असेल, तर मला कशाचीच भीती नाही. हे संभाषण त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. कुणाला हे गैरसोयीचं वाटेल. आम्हाला ते महत्त्वाचं वाटतं.

मग लग्न. नवरा बिपिनबिहारी मेधावी, बंगाली वकील. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीनं त्यालाही नेलं. लेक मनोरमा दहा महिन्यांचीही झाली नव्हती, आणि आई तेवीस वर्षांची विधवा.

[एक जुनी, पातळ पुस्तिका. पानं उलटणारी बोटं.]

आसामातल्या सिलचरला, नवऱ्याच्या घरात त्यांना एक बारकं बंगाली पुस्तक सापडलं होतं. लूकचं शुभवर्तमान. येशूच्या चार चरित्रांपैकी हे एक. याच्या सातव्या अध्यायात एक तिरडी आहे. नाईन गावाच्या वेशीतून ती बाहेर पडते आहे. विधवेचा एकुलता एक मुलगा गेलाय. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत ही गोष्ट नाही.

येशू त्या बाईला म्हणतो, रडू नकोस. आता हे तर दारात आलेला प्रत्येकजण म्हणतो. नुसतं तेवढंच असतं तर आम्ही पान उलटलं असतं. पण पुढं तो तिरडीला हात लावतो. तिथल्या रिवाजाप्रमाणं प्रेताचा विटाळ होतो, तरी लावतो. खांदेकरी जागच्या जागी थांबतात. मुलगा उठून बसतो, बोलू लागतो, आणि येशू त्याला आईच्या हवाली करतो.

खांदेकऱ्यांसाठी जिनं दारं पाहिली, तिच्या हाती हे पान आलं होतं.

29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यामुंबईत केवढा गदारोळ उठला! तो इतिहास सर्वांना माहीत आहे. कमी माहीत आहे ते हे, की पुढं स्वतः रमाबाईंनीच कबूल केलं: मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षं गेली.

[मुक्ती मिशनचं आवार. आडाचा काठ.]

1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या. छावण्यांमध्ये हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि आपलीच माणसं डोळ्यांपुढं आली. मुली केडगावला आणल्या. 1900 च्या दुष्काळानंतर इथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणलेल्यांपैकी सगळ्या वाचल्या असं नाही. पण मरणाऱ्या मुलीपाशी इथं कुणीतरी बसलेलं असे.

ख्रिस्ती माणूस पुनरुत्थान म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं, ही मेल्यानंतरची सोय आहे. केडगावात तो शब्द पेजेच्या वाटीपासून सुरू होत होता.

24 जुलै 1921. मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. मिशनचा भार तीच उचलणार होती. आईला तोवर ऐकू येईनासं झालं होतं. लेकीला माती देऊन रमाबाई परत टेबलाशी बसल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं होतं. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. आता मुद्रितं तपासायची राहिली होती. मुक्तीत सांगतात, आणखी दहा दिवस दे, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं. शेवटची मुद्रितं पाहून झाली आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. चौसष्ट पुरी व्हायला अठरा दिवस होते.

[छापखाना. शिशाचे खिळे. काळी झालेली बोटं.]

ते बायबल 1924 मध्ये निघालं. मिशनच्याच छापखान्यात, मिशनच्याच बायकांच्या हातांनी. एकेक खिळा उचलायचा, उलटा वाचायचा, ओळीत बसवायचा. कधीतरी त्यांच्यापैकी कुणाच्या तरी पुढ्यात लूकचा सातवा अध्याय आला असेल. नाईनची वेस, विधवा, तिरडी. आणि पुढच्या ओळीत, थांबलेले खांदेकरी.

[यंत्राचा एक ठोका. अंधार.]