एका टेबलावर चार खाती

(दृश्य : सकाळचे नऊ. सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयाची ओपीडी. केसपेपरच्या रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी सरमिसळ ऐकू येते.)

एचआयव्हीची तपासणी कुठे झाली, यावर सोलापुरात त्या कागदाचा साहेब ठरतो. ग्रामीण रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातलं रक्त घेऊन होणारी पहिली तपासणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. शहरातली नागरी आरोग्य केंद्रं महापालिकेची. आणि औषधं देणारं एआरटी केंद्र वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या या रुग्णालयात, म्हणजे अधिष्ठात्यांकडे. ते खातंच निराळं. दक्षिण सोलापुरातल्या एखाद्या गरोदर बाईला यातली दोन-तीन दारं ओलांडावी लागतात. एका दारातून निघालेली बाई पुढच्या दारात पोचली का, हे विचारणं कोणत्याच साहेबाच्या रोजच्या कामात बसत नाही.

ते विचारायला जिल्हा पातळीवर एक छोटं पथक असतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, 2007 नंतर, निवडक जिल्ह्यांत ही पथकं उभी राहिली. नाव लांबलचक, जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक, म्हणून सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डापकू’च म्हणतात. हाताशी माणसं मोजकी, आणि तालुके अकरा.

(दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी उघडलेली दोन रजिस्टरं. नावांचा रकाना कागदाने झाकलेला.)

पथकाचं खरं काम या टेबलावर चालतं. समजा, महिन्यात सगळ्या आयसीटीसींत मिळून 12 जण बाधित निघाले आणि एआरटीला 12 नवीन नोंदी झाल्या. अहवालात शंभर टक्के. पण ओळीवर ओळ लावली की कळतं, त्या 12 नोंदींतले चार जण कर्नाटकातल्या विजयपूर किंवा कलबुर्गीकडून आलेले, तपासणी तिकडेच झालेली. म्हणजे आपल्या 12 पैकी आठच पोचले. आकडे जुळले, माणसं जुळली नाहीत.

म्हणून बेरजा बाजूला ठेवून आयसीटीसीच्या प्रत्येक पीआयडी, म्हणजे तपासलेल्या माणसाच्या ओळख क्रमांकासमोर एआरटी नोंदणीचा क्रमांक आणि तारीख लिहायची. जिथे जागा रिकामी राहील तिथे कारण हवं: खासगी डॉक्टरकडे गेला, दुसऱ्या जिल्ह्यात नोंदला, मृत्यू, नकार, पत्ता चुकीचा. ‘संपर्क होत नाही’ हे कारण चालवून घेऊ नये. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की एकदा फोन लावला, तो बंद होता.

याचा बंदोबस्त निदानाच्या दिवशीच करावा लागतो. समुपदेशकाने तीन गोष्टी विचारून ठेवायच्या: दुसरा नंबर, घराजवळची खूण, आणि फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच राहून जाते. ऊसतोड कामगाराला चौथा प्रश्न विचारायचा: कारखाना बंद झाल्यावर गाव कोणतं? हंगाम संपला की टोळी रातोरात उठते. ट्रान्सफरचा कागद आधीच हातात दिलेला असेल तरच त्याच्या गावाकडचं केंद्र विनाखळखळ औषध सुरू ठेवतं. आषाढीला पायी जाणाऱ्यांचंही तसंच. गोळ्या न्यायला यायची तारीख वाटचालीच्या दिवसांत येत असेल तर बाटली आधी द्यावी.

यादी तपासताना नावं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकणं हा आपल्याकडचा जुना आजार. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई केली आहे. तो कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. ग्रुपवर फार तर क्रमांक जावा, आणि तोही गरज असेल तरच.

(दृश्य : समुपदेशकाच्या टेबलावर गोळ्यांची बाटली. हात झाकणात गोळ्या मोजतात.)

बाटलीत 30 गोळ्या. रुग्ण 28 व्या दिवशी आला तर दोन उरायला हव्यात. पाच उरल्या असतील तर 28 पैकी 25 घेतल्या, म्हणजे सुमारे 89 टक्के. हवं 95 च्या वर. पण रिकामी बाटली दिसली म्हणून खूश होऊ नये. उरलेल्या गोळ्या घरी ठेवून येणारेही असतात, आणि मग 28 दिवसांत 30 गोळ्या, असा हिशोब 100 च्या वर जातो. पर्यवेक्षकाने रजिस्टर चाळताना हे 107 टक्के आधी शोधावेत.

(दृश्य : अक्कलकोट तालुक्यातलं उपकेंद्र. लसीकरणाचा दिवस. पाळण्यात बाळ.)

सगळ्यात जास्त गळती इथे होते. बाधित आईच्या बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात, मग सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी, आणि शेवटचा निर्वाळा अठराव्या महिन्यात. आता सासर विजयपूरला, माहेर अक्कलकोटला, बाळंतपण माहेरी. नोंद एका राज्यात, बाळ दुसऱ्यात.

सहा आठवडे म्हणजे सवा महिना नुकताच उलटलेला. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीची वेळही तीच. आई त्या दिवशी घराबाहेर पडणारच असते. आयसीटीसीने आपली तारीख या लसीच्या आठवड्याला जोडून घेतली तर वेगळा हेलपाटा पडत नाही आणि घरातल्यांच्या भुवयाही उंचावत नाहीत.

(दृश्य : टाचेतून घेतलेला थेंब कार्डावरच्या वर्तुळावर पसरतो.)

बाळाच्या टाचेतलं रक्त कार्डावरच्या वर्तुळांत घेतात. प्रत्येक वर्तुळ पूर्ण भरावं लागतं. अर्धं राहिलं म्हणून वर दुसरा थेंब टाकला की नमुना बाद. कार्ड आडवं ठेवून, उन्हापासून लांब, किमान चार तास वाळवायचं आणि मगच पिशवीत घालायचं. टपाल गाठायच्या घाईत ओलसर कार्ड बंद केलं की ते प्रयोगशाळेतून परत येतं, आणि आईला पुन्हा बोलवावं लागतं. ती बहुधा तोवर सासरी पोचलेली असते.

(दृश्य : जिल्हाधिकारी कार्यालयातली बैठक.)

जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. चारही खाती एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार त्यांच्याकडे. अशा बैठकीत चाळीस स्लाइड दाखवल्या तर हाती चहा-बिस्किटंच लागतात. त्यापेक्षा तीन कागद पुरेत: रिकाम्या राहिलेल्या ओळी, तारीख उलटलेली बाळं, आणि तीन महिन्यांत मुदत संपणारे तपासणीचे किट. एका केंद्रात किट पडून वाया जातात आणि दुसऱ्या खात्याच्या शेजारच्याच केंद्रात तपासणी थांबते, हे तिसऱ्या कागदावर लगेच दिसतं. ते किट कोणत्या गाडीतून, कोणत्या तारखेला हलतील आणि वाटेत बर्फाची पेटी कुणाची, हे तिथेच लिहून सह्या घ्यायच्या. पुढच्या महिन्याची बैठक त्याच सह्यांपासून सुरू करायची.

(दृश्य : इतिवृत्ताचा कागद. चार सह्यांच्या जागा. तीन झाल्या आहेत. चौथ्या खुर्चीकडे पेन सरकतं.)