वाय नदीच्या ओघानं

श्रोतेहो, नमस्कार.

वेल्समध्ये सायकल चालवायची म्हटलं की लोक आधी डोंगरांची धास्ती घेतात. डोंगर आहेतच. पण आज जी वाट सांगणार आहे, तिथं नदी आपल्या बाजूनं आहे. वाय नदी मध्य वेल्समधल्या प्लिनलिमन डोंगरावर उगवते आणि सुमारे 250 किलोमीटर वाहून सेव्हर्नला मिळते. तिच्या वरच्या अंगाला रेयडर हे लहानसं गाव आहे. तिथं सायकलवर बसायचं आणि नदीच्या ओघानं हे-ऑन-वाय गावापर्यंत यायचं. पुन्हा सांगतो, ओघानं जायचं, ओघाच्या उलट नाही. अंतर 60 किलोमीटरच्या आसपास. बहुतेक वाट ब्रिटनच्या राष्ट्रीय सायकल मार्ग क्रमांक 8 चाच एक तुकडा आहे, फक्त ग्लासबरी गावापासून हे-ऑन-वायपर्यंतचा शेवटचा भाग मार्ग क्रमांक 42 वर येतो. तोवर निळ्या पाटीवर तांबड्या चौकोनात 8 आकडा दिसला की आपण बरोबर चाललो आहोत.

मोटारींचा मोठा रस्ता बहुतेक वेळ पलीकडच्या काठानं पळत असतो. आपण अलीकडच्या गल्लीएवढ्या रस्त्यांनी जायचं. एकच गाडी जाईल एवढी रुंदी, दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच झुडपांची कुंपणं. मे महिन्यात ही कुंपणं हॉथॉर्नच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. वळणापलीकडचं काही दिसत नाही, म्हणून सायकलला घंटी हवीच. हजारो रुपयांच्या सायकली घंटीशिवाय आणि चिखलपट्टीशिवाय विकतात, हे मला कधीच पटलेलं नाही. घंटी नसेल ती सायकल अपुरी. वेल्समध्ये पाऊस कोणत्याही महिन्यात येतो, तेव्हा चिखलपट्टीही हवी.

इथल्या पाट्या दोन भाषांत असतात आणि नव्या पाट्यांवर वेल्श आधी लिहिलेलं असतं. मला ते फार आवडतं. आपल्या गावाचं नाव आपल्या भाषेत, ठळक, पाटीच्या वरच्या अंगाला. आपल्याकडे यासाठी अजून किती ठिकाणी भांडावं लागतं! असो.

निघण्याआधी रेयडरच्या पश्चिमेला एलन खोऱ्यात एक फेरी मारा. जुन्या रेल्वेच्या जागी बांधलेली सायकलवाट धरणांपर्यंत जाते. बर्मिंगहॅम शहराला पाणी हवं होतं म्हणून 1893 साली इथं कामाला सुरुवात झाली, आणि 1904 साली राजा सातवा एडवर्ड उद्घाटनाला आला. पाणी 118 किलोमीटर जातं ते नुसत्या उतारावर, आणि एवढ्या अंतरात उतार आहे फक्त 52 मीटरचा. पंप नाही. मात्र त्यासाठी शंभरावर माणसं उठवली गेली. शेतं, शाळा, चर्च सगळं पाण्याखाली गेलं आणि भरपाई मिळाली ती फक्त जमीनमालकांना, कुळांना नाही. मुळशीचा सत्याग्रह ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

आता मला जे सांगायचं आहे ते.

माझा थोरला भाऊ आणि वहिनी बर्मिंगहॅमला राहतात. त्यांच्या नळाला हेच एलनचं पाणी येतं. इतकी वर्षं ज्या खोऱ्याचं पाणी प्यायलो ते बघायला हवं, असं वहिनीनंच मनावर घेतलं. म्हणून आम्ही तिघं निघालो. वहिनीचं माहेर आटपाडी. माणदेश. पाऊस नसलेला, मेंढरांचा मुलूख.

रेयडर सोडून बरंच खाली आलो होतो. एका हाताला नदी, दुसरीकडे चढत गेलेली कुरणं. एका वळणावर म्हातारा शेतकरी रस्त्यात हात वर करून उभा. मागं चार चाकांची क्वाड बाइक, तिच्यावर काळापांढरा कोली कुत्रा. म्हातारा म्हणाला, वरच्या कुरणातून मेंढ्या खालच्या कुरणात न्यायच्यात, आणि हा आडरस्ता अडवायला माणूस नाही. तुम्ही सायकली आडव्या लावून उभे राहाल का?

म्हणजे आम्हालाच फाटक व्हायचं होतं. आम्ही तिन्ही सायकली आडव्या टाकल्या आणि मागं उभे राहिलो.

आधी आवाज आला. डांबरावर शेकडो खुरांचा, पत्र्यावर पावसाची सर यावी तसा. मग ओल्या लोकरीचा वास, आणि मग कुंपणांमधून भरभरून मेंढ्या. प्रत्येकीच्या खांद्यावर निळ्या रंगाचा ठिपका, कानाला मालकाच्या खुणेचा काप. सगळ्या सरळ निघाल्या होत्या. पण पुढची एक मेंढी, पोटाखालच्या लोकरीत काटक्या अडकलेली, आमच्यासमोर येऊन थांबली. तिनं आडव्या बाहुल्यांच्या त्या पिवळ्या डोळ्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि सायकलींमधल्या फटीकडे पाहिलं. ती थांबली म्हणून मागच्या थांबल्या. दादा इंग्रजीत 'गो, गो' करू लागला. मेंढी ढिम्म.

तेव्हा वहिनी पुढं झाली. हात दोन्ही बाजूंना पसरले आणि जीभ टाळूला लावून तिनं आवाज काढला, 'ट्रर्रऽऽ हाऽऽ, ट्रर्रऽऽ हाऽऽ'. लहानपणी त्यांच्या शेतात धनगर मेंढरं बसवायला येत, त्यांचा हा आवाज. मेंढीनं कान हलवले, मान वळवली आणि खालच्या कुरणाकडे चालती झाली. मागचा सगळा कळप तिच्यामागं. पाच मिनिटांत रस्ता मोकळा. मागं उरल्या फक्त लेंड्या.

म्हातारा क्वाड बाइक बंद करून आला. हे कुठं शिकलीस, म्हणून त्यानं वहिनीला विचारलं. मग ती दोघं अर्धा तास बोलत होती आणि आम्ही दोघं भाऊ नुसते ऐकत होतो. वहिनीनं सांगितलं, आमचे धनगर दिवाळीनंतर बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाकडे निघतात. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतात, त्यांच्या खताच्या बदल्यात धान्य मिळतं, आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत घरी. म्हातारा म्हणाला, आमच्याकडेही असंच होतं. हिवाळ्यात खालचं घर, त्याला हेंद्रे म्हणायचे. उन्हाळ्यात जनावरं घेऊन डोंगरावरच्या घरी, ते हावोड. आता ते जाणं बंद झालं, पण शेतांची नावं अजून तीच आहेत.

मग त्यानं समोरच्या डोंगराकडे बोट केलं. तिथं कुंपण नाही, म्हणाला. तरी प्रत्येक कळप आपापल्या भागातच चरतो. कोकरू आईबरोबर फिरतं, कुठं चरायचं, वारा सुटला की कुठं आडोसा घ्यायचा, हे तिच्याकडून शिकतं, आणि मोठं झालं की आपल्या कोकराला शिकवतं. अशी शेती विकली तर कळपही जमिनीबरोबरच विकला जातो, कारण नव्या मेंढ्यांना तो डोंगर ओळखीचा नसतो. वहिनी म्हणाली, आमच्याकडे वाट माणसाला पाठ असते, तुमच्याकडे मेंढीला. म्हातारा खूश झाला. त्यानं कोलीला शीळ घातली आणि निघताना वहिनीशी हात मिळवला. आमच्याशी नाही, फक्त वहिनीशी.

श्रोतेहो, यासाठीच मी मोठा रस्ता नको म्हणतो. किलोमीटर मोजत, कानात गाणी घालून पळणारे सायकलस्वार मी पुष्कळ पाहिले. त्यांना कुणी फाटक व्हायला बोलावत नाही.

पुढं बिल्थ वेल्स, मग एरवुड. 1962 च्या शेवटच्या दिवशी बंद पडलेल्या रेल्वेचं जुनं स्टेशन एरवुडजवळ अजून उभं आहे. काठाशी थांबून पाणी जरूर बघा. दगडावर गुडघे लवचत उभा असलेला पांढऱ्या छातीचा डिपर पक्षी दिसेल, वर दुभंगलेल्या शेपटीची लाल घार. ही घार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य वेल्समध्ये मोजक्या जोड्यांपुरती उरली होती. माणसांनी जपली म्हणून वाढली. नदीला मात्र तेवढं कुणी जपलेलं नाही. खोऱ्यात कोंबड्यांच्या प्रचंड शेडी झाल्या, त्यांच्या खतातलं फॉस्फेट पाण्यात उतरतं, आणि उन्हाळ्यात नदी शेवाळानं हिरवी होते. ज्या पाणफुलांसाठी ही नदी ओळखली जायची ती कमी झाली आहेत. स्वस्त कोंबडीची ही किंमत मला फार जास्त वाटते.

शेवटी हे-ऑन-वाय, जुन्या पुस्तकांच्या दुकानांचं गाव. रिचर्ड बूथ या दुकानदारानं 1 एप्रिल 1977 रोजी हे गाव स्वतंत्र राज्य आणि स्वतःला राजा जाहीर केलं होतं. एक दिवस इथं ठेवाच, पण सायकलवर किती पुस्तकं मावतील याचा विचार करून खरेदी करा.

आणि एक महत्त्वाचं. हे-ऑन-वायला आता रेल्वे नाही. परतीसाठी हेरफर्ड गाठावं लागतं, आणखी 35 किलोमीटरच्या आसपास. पुन्हा सांगतो, स्टेशन हेरफर्डला आहे, हे-ऑन-वायला नाही. गाड्यांत सायकलींना जागा मोजकी असते, तेव्हा आधी चौकशी करूनच निघा.

नमस्कार.