वाफसा, मोहरी आणि मूठभर ज्वारी

मंडळी, आज हिवाळी भाज्यांची बाग आणि पाखरांचा दाणा असे दोन विषय एकत्र घेऊ. घट बसले की नागपुरात घाई सुरू होते. पाऊस उघडलेला असतो, ऊन लख्ख पडतं, आणि मेथी-पालक पेरायला सांदवाडीत, म्हणजे परसबागेत, कुदळ पडते. बहुतेक वेळा ती दोन दिवस आधी पडते.

आपली माती कन्हार, म्हणजे काळी, भारी, चिकण. ओली असताना खणली तर तिची ढेकळं निघतात, आणि ती वाळली की विटेसारखी होतात. मग हिवाळाभर खत घाला, पाणी घाला, मुळं त्या ढेकळांना वळसा घालूनच वाढतात. पूर्ण वाळू दिली तर भेगा पडतात आणि कुदळ उसळते. मधले जे थोडे दिवस मिळतात तो वाफसा. तो ओळखायला वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर त्याच दिवशी खणा. चपटा होऊन तसाच बसला तर थांबा. गोळा वळलाच नाही तर हलकं पाणी द्या आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहा.

वाफा ३ फूट रुंद, १० फूट लांब आणि चांगला वीतभर उंच करा. रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचला पाहिजे. वाफ्यात एकदा पाय पडला की कन्हार माती दबून घट्ट होते. उंची हवी ती परतीच्या पावसासाठी. सपाट वाफ्यात एका सरीनंतरही पाणी साचतं आणि बी कुजतं. एवढ्या वाफ्याला १२ ते १५ किलो कुजलेलं शेणखत, ४०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि खतातच कालवलेली ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पुरते. कुजलेलं म्हणजे मातीसारखा वास येणारं, हाताला गरम न लागणारं. कच्च्या शेणाबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते, आणि मग लसणाची पात का पिवळी पडते ते उपटून बघेपर्यंत कळत नाही.

आता पेरणी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपार अजून तापलेली असते. मेथी, पालक, मुळा तेवढं सोसतात. सांबार, म्हणजे कोथिंबीर, सोसत नाही. उन्हात तो उशिरा उगवतो आणि पानं यायच्या आधी फुलावर जातो. म्हणून सांबार कोजागिरीनंतर. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाका करा, १२ तास भिजवा, सावलीत सुकवून पेरा. उगवायला १० ते १५ दिवस लागतात. आठव्या दिवशी वाफा उकरून पाहू नका. वाटाणाही गरम मातीत सडतो, त्याला ऑक्टोबरअखेरपर्यंत थांबवा. लसणाची पाकळी टोक वर ठेवून दोन बोटांच्या पेरांइतकी खोल लावा, ओळीत चार बोटांचं अंतर ठेवा. गाजराला मात्र कन्हार मानवत नाही. त्याच्यासाठी वाफ्याच्या एका टोकाला निम्मी रेती मिसळा आणि तिथं ताजं खत अजिबात घालू नका, नाहीतर गाजराला दोन-दोन पाय फुटतात.

घटातलं धान आठवा. दाट पेरलेलं, अंधारात वाढलेलं, म्हणून ते पिवळं आणि लांबुडकं होतं. मेथी मूठमूठ फेकली की वाफ्यातही असंच होतं: देठ कोवळे राहतात, बुडाशी ओल धरते, बुरशी लागते आणि रोपं एका रात्रीत कोलमडतात. ओळीत, विरळ पेरा. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको.

फुलकोबीचं रोप विकत घेताना जात विचारा. लवकर येणाऱ्या जातीचं रोप नोव्हेंबरात लावलं तर गड्डा लिंबाएवढा होऊन थांबतो. लोक खताला दोष देतात, पण चूक हंगामाची असते. थंडीत लावायचं तर उशिराची जात घ्या.

पहिले दहा-बारा दिवस पाखरं कोंब टिपतात. चिमण्या आणि बुलबुल कोवळ्या पानांवर येतात, सातभाई पालापाचोळा उलटताना रोपं उपटतात. त्यासाठी बारीक नायलॉनची जाळी कृपा करून लावू नका. तिच्यात पाखरांचे पाय अडकतात, धामणीही अडकून मरतात. बांबूच्या कमट्या कमानीसारख्या खोचून त्यावर जुनं सुती लुगडं ताणा. सकाळी दहा ते चार ते उन्हाची झळही अडवतं. संध्याकाळी काढून ठेवा आणि रोपाला चार पानं आली की कायमचं काढा.

कायमचं काढायचं, कारण त्यानंतर पाखरं वाफ्यात आलीच पाहिजेत. बागकाम आणि पाखरांचा दाणा हे विषय एकत्र घेतले ते यासाठीच. या दिवसांत आपल्याकडे धोबी आणि थिरथिरा हे पक्षी हिवाळी पाहुणे म्हणून येतात. दोघेही किडे खाणारे. तुमच्या ताटलीतल्या बाजरीकडे ते ढुंकूनही पाहणार नाहीत. चिमणी स्वतः दाणे खाते, पण लहान पिलांना मुख्यतः अळ्या-किडेच भरवते. पत्ताकोबीवर जहाल औषध फवारायचं आणि गच्चीत ज्वारी ठेवायची, याला पाखरांना खाऊ घालणं कसं म्हणावं?

म्हणून पत्ताकोबीच्या कडेनं, रोपं लावायच्या पंधरा दिवस आधी, मोहरीची एक ओळ पेरा. पतंग आणि मावा आधी मोहरीवर उतरतात, आणि त्यांच्यामागे पाखरं. कीड फारच वाढली तर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच संध्याकाळी फवारा. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा जोर उतरतो. वांग्याचा शेंडा माना टाकताना दिसला तर फवारू नका, कारण अळी आत आहे. शेंडा दोन बोटं खालून खुडून नष्ट करा.

आता दाणा. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी. एका घराला दिवसाला एक मूठ, सकाळी, तास-दोन तासांत संपेल एवढीच. उरलं तर उंदीर येतात आणि पारवे ठाण मांडतात. ते आले की चिमण्या मागे सरतात. शेव-फरसाण नको, त्यातलं मीठ पाखरांना झेपत नाही. बुरशीचा वास येणारे शेंगदाणे तर विषच. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची: पाकिटात उरलेलं गुलाबी किंवा लाल रंगाचं बियाणं पाखरांना कधीही टाकू नका. तो रंग औषध लावल्याची खूण असतो. पेरतानाही ते मातीवर उघडं राहू देऊ नका.

ताटली छातीच्या उंचीवर ठेवा. मांजर दबा धरेल अशी झुडपं तिच्यापासून सहा फूट तरी दूर असावीत, पण पळून बसायला जवळ एखादं झाड असावं. ताटलीला बुडाशी भोकं पाडा आणि आठवड्यातून एकदा गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवा. दाण्यावर पडलेल्या विष्ठेतून एका पाखराचा आजार दुसऱ्याला लागतो.

पाण्याचं भांडं पसरट मातीचं, दोन-तीन बोटं खोल, मधे एक दगड ठेवलेलं. पाणी रोज बदलाच, पण नुसतं ओतून देणं पुरत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्यानं काठ घासा.

संक्रांतीच्या आधीपासून वाफ्यावरच्या झाडांकडे नजर ठेवा. अडकलेला मांजा बांबूनं ओढून, गुंडाळून, तुकडे करून टाका. नुसता तोडून फांदीवर सोडला तर तो तिथंच पाय कापत राहतो. फेब्रुवारीत वाफा रिकामा करताना मुळ्याची आणि सांबाराची दोन-दोन झाडं फुलू द्या, आणि माठाची चार झाडं उपटू नका. फुलांवर मधमाश्या येतील, आणि माठाचं बी पिकलं की त्याच्या तुऱ्यावर मुनिया झुलायला लागतील.